फ्रीजमधली दोन खोकी

कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवण वाढणाऱ्या चौघीजणी होत्या. दोन मुलींची ही आई त्यांतलीच एक. ज्याला ताट ओसंडून हवं असे, तो इतर तिघींपैकी कुणाकडे तरी जाऊन गोड बोले. ज्याला कटकट नको असे, तो निमूट हिच्या रांगेत उभा राही. हिचा डाव सगळ्यांना सारखा. साहेबाला एक घास जास्त नाही, झाडूवाल्याला एक घास कमी नाही.

"बाई, मनगटात वजनकाटा बसवलाय का?" एखादा चेष्टेने विचारी.

"बसवलाय. आणि तो तुमचं पोट बघून हलत नाही. चला पुढे."

घरीही तोच कायदा. मुली दोन. सफरचंद एकीने कापायचं आणि फोड आधी दुसरीने उचलायची. खिडकीजवळची खुर्ची आज हिची, उद्या तिची. थोरलीला घरात सगळेच ताई म्हणत, आईसुद्धा. धाकटी सारखी काहीतरी गुणगुणत असे, म्हणून तिचं नाव पडलं भुंगा. खोलीत भुंगा आहे की नाही, हे बघायला डोळे लागत नसत.

आजारही दोघींना वाटून आला. आधी ताईला. बारावं सरता सरता तिच्या मानेवर चाई पडली. नाण्याएवढा गोल गुळगुळीत तुकडा, जणू कुणी तेवढेच केस पुसून काढले होते. मग दुसरा, तिसरा, आणि बघता बघता सगळं डोकं, भुवया, पापण्या. पुढल्या वर्षी भुंग्याच्या कानामागे तसंच नाणं दिसलं, आणि काही महिन्यांत तिचंही डोकं, भुवया, पापण्या मोकळ्या झाल्या. मुलींचे बाबा मालट्रक घेऊन लांबलांब जात. घरी आल्यावर भुंग्याचं डोकं पाहून ते म्हणाले, "घ्या, तुझ्या आईच्या घरात हेसुद्धा समसमान!" कुणी हसलं नाही. 

मोठ्या इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरबाई एका औषधाचा अभ्यास करत होत्या. औषध नवं नव्हतं. सर्दी-शिंका, दमा, अंगाची खाज अशा ॲलर्जीच्या त्रासावर ते कित्येक वर्षं देत आले होते. ते घेणाऱ्यांपैकी काहींच्या डोक्यावरची चाई भरून आलेली डॉक्टरांना दिसली, तेव्हा कुणाच्या तरी मनात आलं की नीट तपासून बघू. ताईच्या कोपरांना लहानपणापासून खाज होती, भुंग्याला धूळ लागली की धाप लागे. म्हणून दोघींनाही त्या अभ्यासात घेतलं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि मुलींशीच बोलायला सुरुवात केली. "आपल्या अंगात पहारेकरी असतात. रोगजंतू आले की त्यांना हाकलायचं हे त्यांचं काम. पण काहींचे पहारेकरी जरा जास्तच शहाणे. साधी धूळ आली तरी चोर, चोर म्हणून शिट्ट्या फुंकतात. मग शिंका येतात, खाज येते. त्याच गोंधळात ते कधीकधी केसांच्या मुळांनाही चोर समजतात आणि घेराव घालतात. मूळ मरत नाही बरं का. घाबरून आत बसतं. हे औषध शिट्टी बंद करतं. आता ती शिट्टी केसांपुरतीही तीच आहे का, ते बघायचंय."

"आणि नसली तर?" ताईने विचारलं.

"तर नाही असं लिहायचं. तेही उत्तरच."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. काही मुलांच्या सुईत औषध असेल, काहींच्या सुईत नुसतं खारं पाणी. सुया दिसायला अगदी सारख्या. कुणाला काय मिळतंय ते मुलांना कळणार नाही, आईबापांना नाही, डॉक्टरांनाही नाही.

"तुम्हालाही नाही?" भुंगा म्हणाली. "मग तुम्ही डॉक्टर कशा?"

"भुंगे!" आई ओरडली.

डॉक्टरबाई मोठ्यांदा हसल्या. "बरोबर विचारतेय ती. अगं, मला हे औषध लागू पडायला हवंय ना, म्हणून. ज्याला आस असते त्याला नसलेले केसही दिसायला लागतात. माझे डोळे मला फसवतील म्हणून मीच ते बांधून घेतलेत." मग आईकडे वळून त्या म्हणाल्या, "अभ्यास संपला की खाऱ्या पाण्यावाल्या मुलांनाही औषध मिळणार आहे. कुणी उपाशी राहणार नाही. थोडा धीर तेवढा धरायचा."

आईने मान हलवली. ही वाटणी तिला पटली होती.

दर पंधरवड्याची सुई घरीच द्यायची होती. सिस्टरने तिला स्पंजच्या तुकड्यावर टोचायला शिकवलं. मांडीची चिमूट धरायची, सुई तिरकी घालायची, दट्ट्या सावकाश दाबायचा. रिकाम्या सुया पिवळ्या डब्यात टाकून डबा इस्पितळात परत आणायचा. "हात छान स्थिर आहे तुमचा," सिस्टर म्हणाली. आईला बरं वाटलं. घरी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तिने दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली. एकावर ताईच्या नावाची चिकटपट्टी, दुसऱ्यावर भुंग्याच्या.

काही महिन्यांनी भुंग्याच्या कानामागे लव दिसली. आधी पांढुरकी, मग काळी. मग पापण्यांवर बारीक काड्या उगवल्या. भुंगा ताटलीत, चमच्यात, बंद टीव्हीच्या काचेत, जिथे दिसेल तिथे डोळे मिचकावून बघे. ताईचं डोकं मात्र होतं तसंच राहिलं.

"ताई, हात लाव ना. टोचतात का बघ."

ताईने हात लावला. "छान आहेत," ती म्हणाली. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. नळ फार वेळ वाहत राहिला. आई दाराबाहेर उभी होती. आत रडण्याचा आवाज येत नव्हता, हेच तिला सोसवलं नाही.

ताईने आधी खेळ सोडला होता, मग मैत्रिणी. आता शाळेत जाताना रोज पोट दुखायला लागलं. टोपीवर टोपी घालून ती भिंतीकडे तोंड करून पडे. उलट भुंगा केस नव्हते तेव्हाही टक्कल घेऊन गल्लीभर हुंदडायची. कुणी चिडवलं तर "मला कंगवा लागत नाही, तुला लागतो, म्हणून जळतोस" असं म्हणून मोकळी व्हायची. आईच्या मनातला काटा हळूहळू कलू लागला. हिला आहे, तिला नाही. जिला नसलं तरी चालतं तिला आहे.

एका रविवारी सकाळी तिने दोन्ही खोकी आणि दोघींच्या दोन ताटल्या ओट्यावर ठेवल्या. मुली बाहेरच्या खोलीत होत्या. दोघींचं वजन एकाच गटातलं, सुयाही सारख्याच मापाच्या, हे सिस्टर एकदा बोलताना बोलून गेली होती. आईने भुंग्याच्या खोक्यातली सुई काढली आणि ताईच्या ताटलीत ठेवली. ताईच्या खोक्यातली भुंग्याच्या. कुणाचं काही हिरावून घेत नाही, ती स्वतःला म्हणाली. एकदा हिची हिला, एकदा हिची तिला. अर्धं अर्धं. सफरचंदासारखं.

पण हे करताना तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. आयुष्यभर चार माणसांसमोर वाढणाऱ्या बाईला दार लोटावंसं का वाटलं, हा प्रश्न तिने तेव्हा स्वतःला विचारला नाही.

असं पुष्कळदा झालं. डबा परत जाई तेव्हा रिकाम्या सुया बरोबर भरत.

मग ताईच्या कानशिलावर लव आली. आईने ती पाहिली आणि तिला आनंद झाला. त्याच आठवड्यात भुंग्याच्या उशीवर केस सापडले. आईने उशी झटकली, अभ्रा बदलला आणि त्या दिवशी कँटीनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला दोनदा वाढलं.

"काय बाई, काटा बिघडला?" तो माणूस म्हणाला. तिने मान खाली घालून पुढच्याचं ताट ओढलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी भिंग घेऊन भुंग्याचं डोकं फार वेळ पाहिलं. कानामागे परत नाणं पडलं होतं, टाळूवर दुसरं.

"एवढे छान आले होते," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "घरी सुया वेळेवर होत होत्या ना? एखादी चुकली, सांडली?"

"नाही," आई म्हणाली.

"मी हलले होते," भुंगा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. भुंगा आपल्या बुटांकडे बघत होती. "एकदा सुई घेताना मला दुखलं आणि मी पाय हलवला. एक थेंब बाहेर आला. मी पुसून टाकला. म्हणून गेले केस."

"अगं, एका थेंबाने काही होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खूपदा हलतेस का?"

या क्षणी आई नुसती गप्प राहिली असती तरी पुष्कळ होतं. पण डॉक्टरबाईंचे डोळे तिच्याकडे वळले होते. ती घाईघाईने म्हणाली, "हो ना, फार हलते ती. एका जागी म्हणून राहत नाही."

वाक्य तोंडातून गेलं. डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि भुंग्याला म्हणाल्या, "हरकत नाही हं. आता नीट धरायचं." भुंग्याचे कान लाल झाले.

परतताना बसमध्ये भुंगा गुणगुणली नाही. घरी नाही, जेवताना नाही. दुसऱ्या दिवशीही घर इतकं शांत होतं की ताई भिंतीकडून वळून म्हणाली, "हिला काय झालंय?"

"दमली असेल," आई म्हणाली.

पुढच्या सुईचा दिवस आला. आईने खोकी काढली. कुणाची सुई कुणाला, हे ठरवायला तिचा हात फ्रीजपाशी घोटाळत होता. तेवढ्यात भुंगा आत आली. हातात पंचा.

"आई, याने माझा पाय बांध."

"कशाला गं?"

"खुर्चीला बांध. घट्ट. मग मी हलले तरी हलणार नाही." तिने पंचा पुढे केला. "आणि मी ओरडणार पण नाही. तोंडात रुमाल धरते. चालेल?"

आईने पंचा घेतला.  चिमुरडी पोर तिच्यासमोर उभी होती, स्वतःचीच शिक्षा घेऊन आली होती, आणि ती शिक्षा द्यायचं काम आईला करायला सांगत होती.

"आज सुई नाही," ती कशीबशी म्हणाली. "मी आधी डॉक्टरबाईंना विचारून येते."

"माझ्यामुळे?"

"नाही. बस इथे. नाही गं, तुझ्यामुळे नाही." पण हे ती दाराबाहेर पडता पडता म्हणाली, आणि भुंग्याला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

इस्पितळात तिला बसायला सांगितलं, तरी ती उभीच राहिली. डॉक्टरबाई आल्यावर तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. दार लोटलं होतं तेसुद्धा. सांगताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिथला प्लायवूडचा पापुद्रा निघाला होता. तो नखाने दाबून बसवायचा प्रयत्न ती करत राहिली.

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भुंग्याची फाईल उघडून समोर ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या धाकटीबद्दल मी काय कळवलंय माहितीये? सुया नेमाने चालू असतानाच आलेले केस मध्येच गळले, असं. इतर गावांतल्या डॉक्टरांनी ते वाचलं. दुसऱ्या कुणाच्या मुलांबद्दल ते आता त्यावरून विचार करताहेत."

"माझं चुकलं."

"आणि ती पोर म्हणाली मी हलले, तेव्हा तुम्ही म्हणालात, हो, हलते."

यावर 'माझं चुकलं' हे शब्द फार छोटे होते. 

"एका घरात दोन मुली, एकच फ्रीज. हे मलाही आधी सुचायला हवं होतं," डॉक्टरबाई थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोघींना इथे बोलावायला हवं होतं. तेवढी माझी चूक. बाकीची तुमची."

"ताईला पाणी होतं ना? आणि धाकटीला औषध?" आईच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं असं तिला वाटलं. "अजूनही तेच विचारताय? मला माहीत नाही. शेवटपर्यंत कळणार नाही. या आजारात केस आपले आपण येतात आणि आपले आपण जातातही. कदाचित दोघींना औषध असेल. एकीला लवकर लागलं, एकीला उशिरा. कदाचित दोघींना पाणीच असेल, आणि तुम्ही पाण्याच्या जागी पाणी ठेवत बसला असाल. तुम्ही ज्याला वाटणी म्हणालात, त्यात काय वाटलं ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं."

दोघींची नावं हिशेबातून काढावी लागतील, असं त्यांनी सांगितलं. मुलींना औषध पुढे द्यायचं की नाही, ते वरिष्ठांची समिती ठरवणार होती. दिलं तर सुई इथेच होईल आणि सिस्टर देईल. "तुमच्या हातून नाही," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. नुसता नियम होता. पण ज्या हातावर तिचा सगळा मान होता तो हात तिने पदराखाली घेतला.

घरी आल्यावर तिने दोघींना स्वयंपाकघरात बसवलं. दार उघडं ठेवलं. तिने सांगितलं, लहान मुलींना कळेल अशा शब्दांत, काहीही न गाळता.

भुंग्याने नीट ऐकून घेतलं. मग वकिलासारखं एकेक विचारू लागली. "म्हणजे मी हलले म्हणून केस गेले नाहीत?"

"नाही."

"थेंब पडला म्हणून पण नाही?"

"नाही, बाळा."

"आणि डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

"मी बुटांकडे बघत होते तेव्हा?"

"हो. तेव्हाही."

भुंग्याने ओठ घट्ट मिटले. रडू येईल असं आईला वाटलं, पण आलं नाही. "मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस? मी तर माझं सांगितलं होतं."

आईपाशी उत्तर होतं, पण ते तोंडाने म्हणण्यासारखं नव्हतं. मला लाज वाटली, म्हणून तुझ्यावर ढकललं. तरी तिने ते म्हटलं. अगदी याच शब्दांत. भुंगा तिच्याकडे टक लावून बघत राहिली, जणू वर्गातल्या कुणाबद्दल तरी ऐकत होती.

 ताईची बोटं कानशिलावरच्या लवेवर होती. एवढे दिवस झोपेतसुद्धा तिथे हात जायचा तिचा.

"मला हवेत का, असं विचारलंस?" ती म्हणाली. "अशा रीतीने हवेत का?"

"तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून..."

"माझं मी बघितलं असतं गं! मी आरशात बघत होते. वाटत होतं, आले, माझे आले. आता काय बघू? ते औषध शिट्टी बंद करतं म्हणे. मी काय कुणाची चोर होते? तू केलंस मला चोर." तिने डोक्यावरची टोपी काढून ओट्यावर आपटली आणि भुंग्याचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेली. आपण टोपी विसरलो हे गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं नसावं. आईने खिडकीतून पाहिलं. दोन उघडी डोकी शेजारी शेजारी चालली होती, आणि तिला हाक मारायचा धीर झाला नाही.

बाबा घरी आले तेव्हा त्यांनाही तिने स्वतःच सांगितलं. त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला. "दोघी माझ्यापण आहेत ना गं," एवढंच म्हणाले.

समितीने परवानगी दिली. अभ्यासात धरायचं नाही, पण उपचार थांबवायचा नाही. मग दर पंधरवड्याला तिघी बसने इस्पितळात जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी सिस्टरने दार उघडलं तशी आई सवयीने उठली.

"तू बाहेर थांब," भुंगा म्हणाली. दुष्टपणाने नाही. पाणी नको म्हणावं तसं. "ताई येते माझ्याबरोबर."

दार बंद झालं. आई बाकावर बसून राहिली. मांडीवर दोन दप्तरं, दोन स्वेटर. आतून आवाज येत नव्हता. भुंगा घरात पुन्हा थोडं थोडं गुणगुणू लागली होती, पण आई खोलीत आली की थांबे.

शेजारी एक बाई येऊन बसली. बरोबर टोपी घातलेला मुलगा. बाईच्या मांडीवर कोरं करकरीत खोकं होतं. ते ती दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"तुमच्या मुली आत आहेत का?" तिने विचारलं. "आमची आज पहिलीच सुई. घरी मीच देणार." मग आजूबाजूला बघून ती जवळ सरकली आणि कुजबुजली, "मला एक सांगा ना. खरी कुठली आणि पाण्याची कुठली, ते ओळखायची काही खूण असते का? तुम्ही जुन्या दिसता इथे. तुम्हाला माहीत असेल."

आईचा चेहरा तापला. कुणीतरी दिवा सरळ तोंडावर धरावा तसं झालं तिला. उठून पाणी प्यायला जाता आलं असतं. आम्हाला काय ठाऊक, म्हणता आलं असतं. आत मुली होत्या, दार कुठल्याही क्षणी उघडलं असतं, आणि उघडलं तर त्यांना सगळं ऐकू गेलं असतं.

तिने मांडीवरची दप्तरं खाली ठेवली आणि त्या बाईकडे वळून बसली.

"नसते," ती म्हणाली. "मी शोधायला गेले होते. काय केलं ते सांगते."